मोकळ्या लहरी आणि दुसऱ्याची जागा

आठवडी बाजारात पाल ठोकून कापड विकणाऱ्याला एक रिवाज शिकवावा लागत नाही. प्रत्येकाची जागा ठरलेली असते. जागेचा धनी एखाद्या आठवड्याला आला नाही, तर शेजारचा किंवा परगावचा कोणी तिथे आपले तागे मांडतो, आणि त्याला कोणी अडवीत नाही. अट एकच असते. मूळ जागेवाला दुपारी उशिरा जरी उगवला तरी हुज्जत न घालता माल उचलायचा आणि दुसरीकडे सरकायचे. ज्याला हे पाळता येते त्याला बाजार सांभाळून घेतो. ज्याला येत नाही त्याला पुढच्या वेळी कोणी बसू देत नाही.

हाच रिवाज यंत्रांना शिकवता येईल काय, या प्रश्नावर जगातले रेडिओ इंजिनिअर गेली पंचवीस वर्षे खपत आहेत. अशा यंत्राला ‘कॉग्निटिव्ह रेडिओ’ म्हणतात, म्हणजे भोवतालची जाण असलेला रेडिओ. हे नाव जोसेफ मिटोला या अमेरिकन इंजिनिअरने १९९९ साली रूढ केले. जागा रिकामी आहे की कोणी बसले आहे हे कान देऊन ओळखण्याच्या कामाला ‘स्पेक्ट्रम सेन्सिंग’ म्हणतात. विषय कॉलेजातला वाटतो, पण आपल्या दुकानातील बिलाचे यंत्र, गल्ल्याजवळचा पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणारा डबा, कारखान्यातील कॅमेरे हे सगळे याच लहरींवर चालते. शिवाय आपल्याच राज्यात पालघर जिल्ह्यात याचा प्रयोग होऊन गेला आहे. म्हणून हा विषय व्यापार-उद्योगाच्या पानावर घेतला आहे.

टंचाई खरी किती?

आकाशातील लहरी कोणा कंपनीच्या बापजाद्यांची मिळकत नाहीत. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सुप्रीम कोर्टाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात स्पष्ट सांगितले की वायुलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. सरकार तिचे अमानतदार. सरकार त्या वाटून देते, आणि आता बहुतेक लिलावाने देते. २०२२ च्या लिलावात कंपन्यांनी मिळून १,५०,१७३ कोटी रुपयांची बोली लावली. एवढी रक्कम पाहिली की कोणालाही वाटेल, मालाची भयंकर टंचाई आहे.

अमेरिकेतील दूरसंचार आयोगाच्या एका अभ्यासगटाने २००२ साली याची तपासणी केली, तेव्हा निराळे चित्र निघाले. कागदावर सर्व पट्टे कोणा ना कोणाच्या नावावर होते. प्रत्यक्षात एखाद्या गावी, एखाद्या वेळी यंत्र लावून ऐकले तर कित्येक पट्टे शांत पडलेले होते. म्हणजे माल कमी नव्हता, गोदामाला कुलूप होते. आपल्या धंद्यातील लोकांना हे नवे नाही. गोदामात तागे पडून आहेत आणि दुकानात गिऱ्हाईक परत जाते आहे, असे कितीदा पाहावे लागते. अशा पडून राहण्याला आपल्याकडे इसराफ म्हणतात.

आपल्या देशात या रिकाम्या जागेचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे दूरदर्शनचा पट्टा. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याच्या भागात प्रक्षेपण होऊ लागले. सातारा जिल्ह्यातील जुन्या लोकांना ते दिवस आठवत असतील. बांबूला बांधलेली अँटेना, छपरावर चढून ती फिरवणारा मुलगा आणि खालून ‘आले, आले, गेले’ असा पुकारा. उंचवट्यावरच्या घरात चित्र स्वच्छ, डोंगराच्या पोटात असलेल्या घरात नुसत्या मुंग्या. ही मुंग्यांची गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे कामाला येणार आहे.

दूरदर्शनच्या प्रक्षेपणासाठी जे पट्टे होते त्यांपैकी एक ४७० ते ५९० मेगाहर्ट्झचा. त्यात ८ मेगाहर्ट्झचा एक असे १५ चॅनेल बसतात. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१४ च्या सुमारास हिशेब मांडला. त्या वेळी दूरदर्शनचे देशभरात १,४१५ ट्रान्समीटर होते, पण या पट्ट्यात त्यांतले फक्त ३७३. प्रत्येकाचा पल्ला किती, तो कोणत्या चॅनेलवर बोलतो, हे नकाशावर मांडल्यावर दिसले की जवळजवळ सर्व ठिकाणी १५ पैकी निदान १२ चॅनेल मोकळे आहेत. बाजारातील शंभरातल्या ऐंशी जागा रिकाम्या! युरोप-अमेरिकेत असे आढळत नाही, कारण तिकडे जमिनीवरून प्रक्षेपण करणाऱ्या खासगी वाहिन्या पुष्कळ. आपल्याकडे या पद्धतीने बोलणारे एकटे दूरदर्शन. बाकी सर्व केबलवर आणि डिशवर.

पालघरचा प्रयोग

रिकामा पट्टा मिळाला, पण त्याचे करायचे काय? लहर जितकी लांब, तितकी ती झाडी, भिंत, चढउतार यांतून बरी वाट काढते. ५०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ६० सेंटिमीटर असते, तर दुकानातील साध्या वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरीची सुमारे साडेबारा सेंटिमीटर. वायफाय दोन भिंतींत दमते. टीव्हीच्या पट्ट्यातील लहर थोड्या ताकदीत झाडीतून काही किलोमीटर जाऊ शकते. डोंगरदऱ्यांच्या गावांना हीच लहर हवी.

म्हणून प्राध्यापक अभय करंदीकर आणि आयआयटी मुंबईतील त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारकडून प्रायोगिक परवाना घेऊन पालघर जिल्ह्यात खामलोलीच्या परिसरात या पट्ट्यावर इंटरनेट पोहोचवून दाखवले. तारेचे इंटरनेट जिथवर आले आहे तिथून आसपासच्या पाड्यांपर्यंतचा मधला टप्पा बिनतारी करायचा, आणि पाड्यात पोहोचल्यावर लोकांना साध्या वायफायने द्यायचे, अशी ही मांडणी होती. याच गटाच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाला २०१७ साली मोझिला या संस्थेच्या जागतिक स्पर्धेत बक्षीसही मिळाले. त्यानंतर पालघरच्या आणखी गावांत काम वाढवले, ते मुख्यतः दुसऱ्या, परवाना न लागणाऱ्या पट्ट्यावर. टीव्हीचा पट्टा मात्र प्रयोगाच्या परवान्यापलीकडे सर्वांना खुला झाला नाही.

साताऱ्याकडचा वाचक म्हणेल, पालघरचे आम्हाला काय? पाटण, जावळी, महाबळेश्वर तालुक्यांत, कोयनेच्या खोऱ्यात माल घेऊन फिरणाऱ्या फेरीवाल्या बांधवांना विचारावे. गिऱ्हाईक फोन पुढे करून पैसे द्यायला तयार आहे आणि नेटवर्क मिळेना, म्हणून उधारीची चिठ्ठी लिहावी लागते, हा रोजचा अनुभव आहे. पालघरचा डोंगर आणि पाटणचा डोंगर, लहरीला दोन्ही सारखेच.

कान कसा द्यायचा

आता खरी अवघड गोष्ट. जागा रिकामी आहे हे यंत्राने ओळखायचे कसे? बाजारात डोळ्यांनी दिसते, इथे ऐकूनच ठरवायचे. आणि ऐकायचे तरी किती बारीक? अमेरिकेने २००८ साली नियम केला तेव्हा उणे ११४ डीबीएम इतका क्षीण सिग्नलही यंत्राला ओळखता आला पाहिजे अशी अट घातली. एका वॅटचे अडीचशे लाख कोटी भाग करावेत, त्यांतला एक भाग म्हणजे एवढी ताकद. आपले यंत्र स्वतःच्या पोटातील उष्णतेनेही थोडा खरखराट करीत असते, आणि हा सिग्नल त्या खरखराटाच्याही खाली दबलेला असतो.

पहिली पद्धत अगदी सोपी. लहरीत शक्ती किती आहे ते मोजायचे. ठराविक रेषेच्या वर गेली तर कोणीतरी आहे, खाली राहिली तर जागा मोकळी. स्वस्त आणि झटपट काम. पण ही पद्धत तराजूसारखी आहे, आणि तराजूचा काटा मुळात शून्यावर हवा. समजा, काट्यात पाच ग्रॅमची चूक आहे, पण ती इकडे आहे की तिकडे हे आपल्याला माहीत नाही. अशा तराजूवर एक ग्रॅम केशर तोलायला बसलो तर काय होईल? हात हलल्यामुळे होणारी चूक शंभरदा तोलून सरासरी काढली की जाते. शून्यच चुकलेले असेल तर हजारदा तोलूनही जात नाही. रेडिओचा खरखराटही असाच. तो किती आहे हे अगदी नेमके कधीच माहीत नसते. त्यामुळे सिग्नल एका मर्यादेखाली गेला की कितीही वेळ ऐकले तरी ‘आहे’ की ‘नाही’ सांगता येत नाही. अभ्यासकांनी याला ‘भिंत’ असेच नाव दिले आहे. मला वाटते, या सगळ्या शास्त्रातील हीच सर्वांत प्रामाणिक गोष्ट आहे.

मग भिंत ओलांडायची कशी? त्यासाठी नुसता आवाज किती आहे ते न पाहता आवाज कोणाचा आहे ते ओळखायचे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन पाहावे. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी पुढे तंतुवाद्ये हाती घेतली आणि आज मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ पासून भौगोलिक मानांकनही आहे. तिथला कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतो तेव्हा बाहेर रिक्षा, ट्रक, भोंगे सर्व चालू असते. तारेचा आवाज त्या गोंगाटापेक्षा कितीतरी लहान. तरी त्याला ती ऐकू येते, कारण तार कशी बोलते ते त्याच्या कानात आधीच बसलेले आहे. गोंगाटाला स्वतःची अशी फिरून येणारी लय नसते, तारेला असते.

टीव्हीच्या सिग्नललाही तशी लय असते. जुन्या पद्धतीचे चित्र दर सेकंदाला १५,६२५ ओळींनी रंगवले जाई, म्हणजे सिग्नलमध्ये तेवढ्याच वेळा काहीतरी ठरावीक फिरून येणार. यंत्राने ही लय शोधली तर खरखराटाखाली दबलेला सिग्नलही सापडतो. सिग्नलचा नमुना तंतोतंत माहीत असेल तर त्याहून चांगले, दोन्ही एकमेकांवर ठेवून जुळवता येतात. तोटा असा की प्रत्येक प्रकारच्या धन्याची ओळख यंत्रात आधी भरून ठेवावी लागते, गणित वाढते, बॅटरी खाते आणि यंत्र महाग होते. कारागिराचा कान विकत मिळत नाही, तसेच हे.

यात चुका दोन प्रकारच्या. जागा मोकळी असताना ‘भरली आहे’ म्हणणे, यात आपले नुकसान. जागा भरलेली असताना ‘मोकळी आहे’ म्हणून बसणे, यात धन्याचे नुकसान. एक कमी करायला गेले की दुसरी वाढते. ग्रामीण भागासाठी २०११ साली निघालेल्या आंतरराष्ट्रीय मानकात अट अशी आहे की धनी आला तर दोन सेकंदांत, शंभरातून निदान नव्वद वेळा तो ओळखता आला पाहिजे, आणि उगाच घाबरून उठणे शंभरात दहापेक्षा जास्त होऊ नये. दुसऱ्याच्या हक्काची जागा असल्याने आपल्या नुकसानीकडे झुकणे हेच रास्त आहे, पण फारच झुकले तर धंदा होणार नाही. हिशेब बारीक आहे.

डोंगराआडचा माणूस

आता त्या मुंग्या आठवाव्यात. समजा, आपले यंत्र अजिंक्यताऱ्याच्या एका अंगाला आहे आणि टीव्हीचा मनोरा दुसऱ्या अंगाला दूर. मध्ये डोंगर. आपल्याला मनोरा ऐकूच येत नाही, म्हणून आपण जागा मोकळी समजून बोलू लागतो. पण वर, उघड्यावर, एक घर आहे. त्याला मनोराही दिसतो आणि आपणही. त्याचे चित्र आपण बिघडवले आणि आपल्याला पत्ताही नाही. आणखी पंचाईत अशी की टीव्हीचा संच नुसता ऐकतो, स्वतः काही बोलत नाही. म्हणजे ज्याचे नुकसान होणार आहे तो आपल्याला कधीच ऐकू येणार नाही. आपण फक्त मनोऱ्याचा कानोसा घेऊन अंदाज बांधायचा. उणे ११४ सारखी कडक अट याच भीतीने घातलेली.

यावर उपाय म्हणून एकट्याने ऐकायचे नाही, चौघांनी ऐकायचे. आपल्याला हे समजायला रमजानची २९ तारीख पुरे. साताऱ्यात डोंगरावर ढग उतरलेले असतात, सांगलीत पश्चिमेचे आभाळ उघडे असते. साताऱ्याला चंद्र दिसला नाही म्हणून चंद्र नव्हता असे कोणी म्हणत नाही. फोन होतात, शहादत घेतली जाते, मग निर्णय होतो. रेडिओंचेही तसेच. चार ठिकाणची यंत्रे आपापले निरीक्षण एका ठिकाणी कळवतात. एकाने जरी ‘धनी आहे’ म्हटले तरी उठायचे, की बहुमताने ठरवायचे, की जिथे ऐकू चांगले येते त्याच्या साक्षीला वजन जास्त द्यायचे, असे निरनिराळे नियम आहेत. एकावर विश्वास ठेवणारा नियम धन्याला सर्वांत सुरक्षित. पण एखाद्या यंत्राने लबाडीने रोजच ‘आहे, आहे’ अशी खोटी साक्ष दिली तर बाकीचे उपाशी आणि तो एकटा जागा खाणार. म्हणून साक्षीदाराची पारख करण्याचे शास्त्रही तयार झाले. माणसांचे सर्व रोग यंत्रांना लागलेले दिसतात.

इतके करूनही अमेरिकेच्या आयोगाने सप्टेंबर २०१० मध्ये कान देण्याची सक्ती काढून टाकली. त्याऐवजी नोंदवही आणली. प्रत्येक टीव्ही मनोरा कुठे आहे, त्याची उंची, ताकद, चॅनेल हे सर्व एका मध्यवर्ती नोंदीत. यंत्राने स्वतःचे ठिकाण कळवायचे आणि विचारायचे, ‘इथे कोणती जागा मोकळी?’ उत्तर येईल तेवढेच वापरायचे. म्हणजे पाहण्याऐवजी गणित आणि पंचांग. आपल्याकडे चंद्राच्या बाबतीत हा वाद किती जुना आहे ते वाचक जाणतात, त्यात मी इथे पडत नाही. रेडिओपुरते सांगायचे तर टीव्हीचे मनोरे जागचे हलत नाहीत, वर्षानुवर्षे तेच चॅनेल वापरतात, म्हणून नोंदवही पुरेशी ठरली. आयआयटी मुंबईनेही भारतासाठी अशी खुली नोंदवही तयार करून दाखवली होती.

पण धनी फिरता असेल तर? अमेरिकेच्या आरमाराची जहाजे ३,५५० ते ३,७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात रडार वापरतात. जहाज आज या बंदरात, उद्या त्या. आणि आरमार आपल्या जहाजांचे वेळापत्रक कोणाच्या नोंदवहीत थोडेच लिहील! तिथे किनाऱ्याने ऐकणारी यंत्रे बसवावी लागली. रडार ऐकू आले की काही मिनिटांत त्या भागातील इतरांनी चॅनेल सोडायचा. पहिला मान आरमाराचा, दुसरा पैसे देऊन हक्क घेतलेल्यांचा, तिसरा फुकट बसणाऱ्यांचा, अशी तीन पायऱ्यांची ही व्यवस्था २०१५ साली ठरली आणि २०२० च्या सुरुवातीपासून पुरती खुली झाली. त्यात कारखाने, गोदामे, बंदरे यांनी स्वतःची खासगी नेटवर्क उभी केली आहेत. कारखानदाराने मोबाईल कंपनीच्या दारात न जाता स्वतःची वायरलेस व्यवस्था करणे, हा यातील आपल्या लोकांनी लक्षात घेण्यासारखा भाग.

दुकानात आधीच चालू आहे

हे सर्व दूरचे वाटत असेल तर आपल्या दुकानातील राउटरकडे पाहावे. भारताने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ साली परवान्याविना खुला केला, म्हणूनच आज वायफाय लावायला कोणाचा कागद लागत नाही. वायफायचे प्रत्येक यंत्र बोलण्याआधी क्षणभर कान देते, दुसरा बोलत असेल तर थांबते. ब्लूटूथ तर ७९ बारीक चॅनेलांवरून उड्या मारीत असते आणि २००३ पासून, ज्या चॅनेलवर वायफायची गर्दी आढळेल तो वगळून उड्या मारते. परदेशांतील नियमांनुसार ५ गिगाहर्ट्झच्या काही चॅनेलांवर राउटरने सुरू होण्याआधी एक मिनिट रडारचा कानोसा घ्यायचा असतो, आणि नंतर रडार ऐकू आले तर दहा सेकंदांत चॅनेल रिकामा करायचा असतो. राउटर चालू केल्यावर कधी कधी ५ गिगाहर्ट्झचे नाव मिनिटभर दिसत नाही, त्याचे एक कारण हे असू शकते. यंत्र बिघडले म्हणून लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नये.

परंतु सरळ सांगायचे तर वायफायच्या पट्ट्यात धनी कोणीच नाही, सगळेच उपरे. तिथे थांबणे हे आपसातील शिष्टाचार आहे. खरा प्रश्न धन्याच्या जागेचा आहे आणि तो आता आपल्या कायद्यात आला आहे.

१८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा वायरलेस कायदा बदलून संसदेने दूरसंचार कायदा, २०२३ केला. त्याच्या सातव्या कलमात असे आहे की एका संस्थेला दिलेला स्पेक्ट्रम सरकार दुसऱ्यालाही वापरायला देऊ शकेल, मात्र पहिल्याच्या वापरात हानिकारक अडथळा येता कामा नये. पहिल्याला प्राथमिक आणि दुसऱ्याला दुय्यम धारक म्हटले आहे. विनाकारण वापराविना पडलेला स्पेक्ट्रम काढून घेण्याची तरतूदही त्याच कलमात आहे. हे कलम ५ जुलै २०२४ पासून अमलात आले. बाजारातला रिवाज शंभर वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात आला म्हणायचे.

आता दुय्यम धारक होणार कोण? इथे माझा जीव थोडा अडकतो. टीव्हीचा पट्टा तर पूर्वीपेक्षाही मोकळा झाला आहे, कारण दूरदर्शनने मोजके ट्रान्समीटर सोडून जुन्या पद्धतीचे जमिनीवरचे प्रक्षेपण मार्च २०२२ पर्यंत बंद केले. लगेच मागणीदार उभे राहिले. जानेवारी २०२४ मध्ये माहिती व प्रसारण खात्याच्या सचिवांनी सांगितले की इंटरनेटशिवाय थेट मोबाईलवर टीव्ही दाखवण्याच्या नव्या पद्धतीची १९ शहरांत चाचणी घ्यायची असून ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झ तिच्यासाठी राखून ठेवावे असा आग्रह धरला जाईल. मोबाईल कंपन्यांना ही पद्धत नको आहे, कारण त्यांचे गिऱ्हाईक तुटते. तिसरा मागणीदार म्हणजे गावोगावचे छोटे इंटरनेट पुरवणारे आणि त्यांच्यामागे असलेली डोंगरातील वस्ती. पण त्यांची वकिली करायला दिल्लीत कोण बसले आहे?

लहान माणसाला परवाना नको, लिलाव नको, नोंदवहीत विचारून नाहीतर कान देऊन बसण्याची मुभा हवी. वायफायचा पट्टा खुला झाला तेव्हा लहान माणसानेच त्याचे सोने केले. सायबर कॅफे, गल्लीतले इंटरनेट पुरवठादार, कॅमेरे बसवणारे, दुरुस्ती करणारे, यांत आपल्या बिरादरीतील किती मुले पोटाला लागली ते मोजून पाहावे. दुय्यम हक्कही लिलावानेच द्यायचा ठरला तर तो पुन्हा मोठ्यांच्याच पदरात पडेल, आणि पाटणचा फेरीवाला उधारीच्या चिठ्ठ्याच लिहीत राहील. व्यापारी संघटनांनी सरकारकडे निवेदने देताना वीजदर आणि जीएसटीबरोबर ही एक ओळही घालायला काय हरकत आहे?

एक सूचना मात्र आपल्याच लोकांना. बाजारपेठेतील तळघराच्या दुकानांत मोबाईलची रेंज मिळत नाही म्हणून काही जण परस्पर बूस्टर आणून लावतात. परवान्याविना बूस्टर बसवणे कायद्याने गुन्हा आहे, यंत्र जप्त होते. शिवाय ते स्वतःचा खरखराटही तितकाच मोठा करून हवेत सोडते, म्हणजे आपल्याला रेंज आणि शेजारच्या वीस दुकानांचा मनोरा बहिरा. हा शेजाऱ्याच्या हक्काचा सवाल आहे. वॉकीटॉकीचेही तेच. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या कमी ताकदीच्या संचांना परवान्याची सूट आहे, बाकीच्यांना नाही. ऑनलाइन विक्रीत हे सांगितलेच जात नसे, म्हणून ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२५ मध्ये त्यासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे काढावी लागली. विट्याच्या किंवा सांगलीच्या कारखानदाराने माग आणि गोदाम यांच्यात बोलण्यासाठी संच घेताना डब्यावरची फ्रिक्वेन्सी वाचून घ्यावी.

आणि ज्यांच्या दुकानात बिल काढताना वायफाय अडखळते त्यांनी राउटर बदलण्याआधी एक करून पाहावे. मोबाईलवर वायफाय तपासणारे ॲप फुकट मिळते. ते उघडले की आसपासचे कोणते राउटर कोणत्या चॅनेलवर आहेत ते दिसते. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांना न भिडणारे चॅनेल १, ६ आणि ११ हे तीनच धरायचे. पुष्कळदा अख्खी गल्ली एकाच चॅनेलवर बसलेली असते आणि शेजारचा रिकामा असतो. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या रिकाम्या चॅनेलवर बसावे, आणि बिलाचे यंत्र व कॅमेरे जमत असल्यास ५ गिगाहर्ट्झवर न्यावेत. दिवाळी आणि ईदच्या गर्दीत पुन्हा एकदा पाहावे, कारण तोपर्यंत शेजाऱ्यानेही जागा बदललेली असते.